लिव्हर ट्रान्सप्लांटमध्ये नव्या लिव्हरला रक्त सोडताना काय होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिव्हर ट्रान्सप्लांटच्या संमतीपत्रातले रक्तस्राव, जंतुसंसर्ग, रिजेक्शन हे शब्द बहुतेक नातेवाइकांच्या कानावरून गेलेले असतात. ‘रीपरफ्युजन’पाशी मात्र सही करणारा हात थांबतो. खालची उत्तरे भूलतज्ज्ञाच्या जागेवरून, म्हणजे टेबलाच्या डोक्याकडून लिहिली आहेत. सर्जन याच गोष्टी वेगळ्या क्रमाने सांगतील. उदाहरणे मुख्यतः मोठ्या माणसांची आणि घरच्याच दात्याने दिलेल्या लिव्हरची आहेत, कारण आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणे तशीच होतात.

रीपरफ्युजन म्हणजे ऑपरेशनमधला नेमका कोणता क्षण?

दात्याच्या शरीरातून काढलेले लिव्हर थंड द्रावणाने आतून धुतात आणि बर्फात ठेवतात. त्या वेळी त्यात रक्त नसते. रुग्णाच्या शिरांना ते शिवून झाले की सर्जन शिरांवरचे चिमटे, म्हणजे क्लॅम्प, सोडतात आणि रुग्णाचे रक्त त्यात पहिल्यांदा शिरते. हेच रीपरफ्युजन.

ऑपरेशन आठ-दहा-बारा तास चालते आणि त्याचे ढोबळ तीन भाग पडतात. पहिल्या भागात जुने लिव्हर आजूबाजूच्या भागांपासून मोकळे करतात. सिरोसिसमुळे, म्हणजे लिव्हर कडक आणि आक्रसलेले झाल्याने, तिथे फुगलेल्या शिरांचे जाळे असते, त्यामुळे या भागात वेळही जातो आणि रक्तही. दुसऱ्या भागात रुग्णाच्या शरीरात लिव्हरच नसते. जुने काढलेले असते आणि नव्याची शिवण चालू असते. तिसरा भाग क्लॅम्प सुटल्यापासून सुरू होतो. आधी लिव्हरमधून हृदयाकडे जाणारी वाट मोकळी करतात, मग आतड्यांकडून येणारी पोर्टल व्हेन. करडे-तपकिरी दिसणारे लिव्हर काही क्षणांत गुलाबी-लालसर होऊ लागते. शुद्ध रक्ताची धमनी, म्हणजे हेपॅटिक आर्टरी, बहुतेक ठिकाणी त्यानंतर जोडतात आणि पित्तनलिका सर्वांत शेवटी.

रक्त तर रुग्णाचेच असते. मग ब्लड प्रेशर का पडते?

कारण ते रक्त लिव्हरमधून जाऊन हृदयाकडे परतताना जसेच्या तसे राहत नाही.

जवळपास तासभर पोर्टल व्हेन बंद असते. आतड्यांतले रक्त तिथेच तुंबते. त्यात आम्ल साठते, पोटॅशियम वाढते आणि आतड्याच्या भिंतीतून निघालेले, दाह वाढवणारे पदार्थ मिसळतात. दुसरीकडे नव्या लिव्हरमध्ये थंड द्रावणाचा उरलेला अंश असतो. प्राणवायूविना राहिलेल्या पेशींनी बाहेर टाकलेले पदार्थही तिथेच असतात. उन्हाळाभर कोरड्या पडलेल्या पाटात पहिले पाणी सोडले की ते आधी काडीकचरा ओढून नेते, तसे हे पहिले रक्त सगळे घेऊन थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात येते. ते थंड असते, आम्लयुक्त असते आणि त्यात पोटॅशियम जास्त असते.

हृदयाला यातली एकही गोष्ट मानवत नाही. ठोके मंदावतात, आकुंचनाचा जोर कमी होतो. त्याच वेळी दाह वाढवणाऱ्या पदार्थांमुळे शरीरभरच्या रक्तवाहिन्या सैल पडतात. सिरोसिसच्या रुग्णात त्या आधीच सैल असतात, त्यामुळे आवळून धरण्याची ताकद मुळातच कमी उरलेली असते. शिवाय इतका वेळ रिकामे असलेले लिव्हर स्वतःही रक्त सामावून घेते. एवढे सगळे एकदम झाले की प्रेशर पडणारच. काही रुग्णांत ते किंचित पडते, काहींत मॉनिटरवरची रेष पाहून खोलीतले बोलणे बंद होते.

मग ‘पोस्ट-रीपरफ्युजन सिंड्रोम’ कशाला म्हणतात?

१९८७ मध्ये पिट्सबर्गच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली व्याख्या आजही वापरात आहे. रक्त सोडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सरासरी रक्तदाब आधीच्या आकड्यापेक्षा ३० टक्क्यांहून जास्त खाली आला आणि निदान एक मिनिट तसाच राहिला, तर तो सिंड्रोम. म्हणजे लिव्हर नसलेल्या टप्प्याच्या शेवटी सरासरी दाब ८० असेल, तर तो ५६ च्या खाली जाऊन मिनिटभर टिकायला हवा.

या व्याख्येत एक मोठी फट आहे. दाब पडणार हे ठाऊक असल्याने आम्ही आधीच औषध देऊन तो चढवून ठेवतो. तेव्हा ‘आधीचा आकडा’ औषधाचा असतो की रुग्णाचा? म्हणून २००८ मध्ये पिट्सबर्गमधूनच सौम्य आणि तीव्र अशी वेगळी विभागणी पुढे आली. थोडे कॅल्शियम किंवा अॅड्रिनालिनचे छोटे डोस देऊन पाच मिनिटांत सावरले तर सौम्य. औषधाचे ड्रिप सतत चालू ठेवावे लागले, ठोक्यांची लय बिघडली, हृदय थांबले किंवा रक्त गोठण्याची यंत्रणा बराच काळ कोलमडली तर तीव्र. माझ्या मते नातेवाइकांच्या दृष्टीने हीच विभागणी जास्त कामाची आहे. नुसते ‘सिंड्रोम झाला होता’ यातून काहीच कळत नाही.

किती जणांना होते?

एकच आकडा सांगणारा माणूस बहुधा एकाच रुग्णालयाचा अनुभव सांगत असतो. मूळ १९८७ च्या अहवालात सुमारे तिघांतल्या एकाला झाले होते. नंतरच्या अभ्यासांत दहातल्या एकापासून निम्म्याहून अधिकांपर्यंत सगळे आकडे सापडतात. व्याख्या, लिव्हरचा प्रकार, शस्त्रक्रियेची पद्धत आणि आधी दिलेली औषधे बदलली की आकडाही बदलतो.

पोटॅशियमचा एवढा धसका का?

कारण सगळ्या कारणांत सर्वांत वेगाने मारू शकणारे तेच आहे.

रक्तात पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असते. लिव्हर जपण्यासाठी जगभर वापरले गेलेले विस्कॉन्सिन विद्यापीठाचे द्रावण घेतले, तर त्यात ते सुमारे १२५ असते. पेशींच्या आतल्या वातावरणासारखे द्रावण असावे, म्हणजे थंडीत पेशी फुगत नाहीत, हा त्यामागचा विचार. दुसरे प्रचलित द्रावण एचटीके. त्यात पोटॅशियम १० च्या आसपासच असते आणि ते पातळ असल्याने पटकन धुतलेही जाते. कोणतेही वापरले तरी क्लॅम्प सोडण्याआधी लिव्हर सलाइनने, अल्ब्युमिनने किंवा रुग्णाच्याच थोड्या रक्ताने धुऊन ते पाणी बाहेर काढतात. हे पाच-दहा मिनिटांचे काम कंटाळवाणे दिसते, पण पुढचा बराच गोंधळ त्याने टळतो.

द्रावणाखेरीज दुसरे स्रोतही असतात. रक्तपेढीत बरेच दिवस राहिलेल्या रक्ताच्या पिशवीत पोटॅशियम पाझरलेले असते. रुग्णाची किडनी दमलेली असेल तर ते लघवीवाटे जात नाही. म्हणून काही ठिकाणी गरजेप्रमाणे रक्तपेढीकडून ताज्या किंवा धुतलेल्या पेशी मागवतात आणि किडनी फारच खराब असेल तर ऑपरेशन चालू असतानाच डायलिसिससारखे यंत्र लावतात.

पोटॅशियम एकदम चढले की ईसीजीवरच्या टी-लाटा उंच, टोकदार होतात, मग ठोक्यांचा आकार पसरतो आणि वेळीच रोखले नाही तर हृदय थांबते. उपाय ठरलेले आहेत. पहिले कॅल्शियम. त्याने पोटॅशियम कमी होत नाही, पण हृदयाच्या स्नायूला संरक्षण मिळते. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज, सोबत गरजेप्रमाणे सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे पोटॅशियम पेशींत ढकलले जाते. नवे लिव्हर चांगले असेल तर थोड्या वेळाने ते स्वतःच पोटॅशियम शोषू लागते आणि मग उलट ते कमी पडते म्हणून चढवावे लागते.

हृदय थांबू शकते का?

हो. क्वचित, पण हो. हे संमतीपत्रात लिहिलेले असते आणि ते वाचूनच सही करावी.

त्याची कारणे सगळी पोटॅशियमची नसतात. शिवणीजवळ राहिलेली हवा बुडबुड्याच्या रूपात हृदयात जाऊ शकते. रक्ताची गुठळी उजव्या हृदयात आणि फुप्फुसाच्या धमनीत अडकू शकते. रुग्णाच्या फुप्फुसांतला दाब आधीच वाढलेला असेल, तर एकदम परत आलेले रक्त पुढे ढकलताना हृदयाची उजवी बाजू हात टेकते. म्हणूनच बऱ्याच केंद्रांत ऑपरेशनभर अन्ननलिकेतून एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, प्रोब ठेवतात. हवा, गुठळी आणि फुगलेली उजवी बाजू, तिन्ही त्यात डोळ्यांना दिसतात. अंदाजाने औषध देण्यात आणि पाहून देण्यात फार फरक आहे.

ऑपरेशनआधी एवढे एको, स्ट्रेस टेस्ट, कधी कॅथेटर घालून तपासणी कशासाठी? आजार तर लिव्हरचा आहे.

याच पाच मिनिटांसाठी. सिरोसिसमध्ये हृदय विश्रांतीत अगदी ठणठणीत दिसते, कारण रक्तवाहिन्या सैल असल्याने त्याला जोर लावावा लागत नाही. अचानक भार आला की मग खरी ताकद कळते. एकोमध्ये फुप्फुसांतला दाब वाढलेला वाटला तर उजव्या हृदयात नळी घालून तो थेट मोजतात. सरासरी ३५ च्या वर निघाला तर आधी औषधांनी तो उतरवतात. ५० च्या वर असेल तर बहुतेक केंद्रे त्या अवस्थेत ऑपरेशन करत नाहीत. तपासण्यांवरून रुग्णालयाशी वाद घालणारे नातेवाईक पुष्कळ भेटतात. इतर काही तपासण्यांबाबत त्यांचे म्हणणे खरेही असेल. या तपासण्यांबाबत मात्र नाही.

रक्त सोडण्याआधी टीम काय तयारी करते?

सर्जन साधारण दहा-पंधरा मिनिटे आधी मोठ्याने सांगतात, ‘पोर्टल शिवून होत आलंय.’ तिथून डोक्याकडची धावपळ सुरू होते.

ब्लड गॅसचा नमुना जातो. पोटॅशियम चारच्या आसपास किंवा खाली हवे असते, आम्ल सुधारलेले हवे आणि आयोनाइज्ड, म्हणजे रक्तात मोकळे असलेले, कॅल्शियम पुरेसे हवे. या कॅल्शियमकडे विशेष लक्ष द्यावे लागते. रक्ताच्या पिशव्यांत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेले असते, त्याचा निचरा लिव्हर करते आणि या टप्प्यात लिव्हरच नसते. त्यामुळे सायट्रेट साठत जाते आणि कॅल्शियम बांधून ठेवते. प्राणवायू १०० टक्के केला जातो. गरम हवेची पांघरुणे आणि रक्त कोमट करणारे यंत्र चालू आहे ना, हे पाहिले जाते, कारण आत येणारे लिव्हर बर्फातले असते आणि शरीराचे तापमान चटकन एखादा अंश उतरते. सरासरी दाब थोडा वर नेऊन ठेवतात. कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि पातळ केलेले अॅड्रिनालिन यांच्या सिरिंज भरून, लेबल लावून हाताशी असतात.

मग सर्जन विचारतात, ‘सोडू का?’ भूलतज्ज्ञाने ‘थांबा’ म्हटले तर थांबतात. माझ्या दृष्टीने चांगल्या टीमची हीच खूण आहे. क्लॅम्प एका झटक्यात उघडत नाहीत. हळूहळू सैल करतात आणि डोळे मॉनिटरवर असतात. फारच बिनसले तर सर्जन पोर्टल व्हेन बोटांनी अर्धवट दाबून रक्ताचा ओघ कमी करतात, तोवर औषधे काम करतात.

शस्त्रक्रियेची पद्धतही उपयोगी पडते. पूर्वी रुग्णाची खालची महाशीर लिव्हरबरोबर कापून काढत. तेव्हा शरीराच्या खालच्या अर्ध्या भागाचे रक्त हृदयाकडे येणेच बंद होई आणि त्यासाठी बाहेरून पंप लावावा लागे. आता बहुतेक ठिकाणी महाशीर जागेवर ठेवून लिव्हर तिच्यावर शिवतात. जिवंत दात्याच्या लिव्हरसोबत महाशीर येतच नाही, त्यामुळे तिथे दुसरा मार्गच नसतो. काही वेळा पोर्टल व्हेन तात्पुरती महाशिरेला जोडून आतड्यांतले तुंबणे टाळतात.

प्रेशर पडलेच तर कोणती औषधे देतात?

कॅल्शियम आणि अॅड्रिनालिन आधी, मग नॉरअॅड्रिनालिन आणि व्हॅसोप्रेसिनचे ड्रिप. तरीही रक्तवाहिन्या सैलच राहिल्या तर काही जण मेथिलीन ब्ल्यू देतात. त्याच्या फायद्याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. ते दिले असेल तर लघवी हिरवी-निळी दिसते, आयसीयूत पाहून घाबरू नका.

रक्त सोडल्यावर रक्तस्राव अचानक वाढला असे सांगितले. शिवण निसटली का?

तसेही होऊ शकते आणि सर्जन पहिल्यांदा तेच तपासतात. पण बऱ्याचदा शिवण शाबूत असते आणि सगळीकडून बारीक झिरपत असते. नव्या लिव्हरच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून गुठळ्या विरघळवणारा पदार्थ एकदम सुटतो, त्यामुळे नुकत्या बसलेल्या गुठळ्या वितळतात. मेंदूमृत दात्याला अवयव काढण्याआधी हेपॅरिन देतात, त्याचाही काही अंश लिव्हरबरोबर येतो. थंडी, आम्ल आणि कॅल्शियमची कमतरता भर घालतात.

नेहमीच्या रक्त गोठण्याच्या चाचणीचा निकाल यायला वेळ लागतो आणि त्यातून यातले नेमके कारण कळतही नाही. म्हणून ओटीतच रोटेम किंवा टेग नावाचे यंत्र ठेवतात. थेंबभर रक्ताची गुठळी कशी बनते आणि कशी विरघळते याचा आलेख ते काढते. गुठळी विरघळत असेल तर ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड, हेपॅरिनचा परिणाम दिसला तर प्रोटामिन, गुठळीच दुबळी असेल तर फायब्रिनोजेन किंवा प्लेटलेट. आणि पुष्कळदा काहीच नाही, कारण लिव्हर कामाला लागले की ही गडबड अर्ध्या-एक तासात आपोआप ओसरते. सरसकट प्लाझ्माच्या पिशव्या ओतणे हा चांगला उपाय नव्हे. रक्त फार ‘दुरुस्त’ केले तर नुकत्याच जोडलेल्या धमनीत गुठळी होण्याची भीती असते.

जगातले पहिले मानवी यकृत प्रत्यारोपण १ मार्च १९६३ रोजी डेन्व्हरमध्ये टॉमस स्टार्झल यांनी केले. रुग्ण तीन वर्षांचा मुलगा होता आणि तो टेबलावरच रक्तस्रावाने गेला. वर्षभराहून जास्त जगलेला पहिला रुग्ण त्यांना १९६७ मध्ये मिळाला. मधल्या काळात सर्जनच्या हातांइतकेच गोठण्याच्या विज्ञानालाही शिकावे लागले.

हे रिजेक्शन आहे का?

नाही. रिजेक्शन म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीने परका अवयव ओळखून त्यावर केलेला हल्ला. तो साधारणपणे काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी होतो. रीपरफ्युजनचा धक्का मिनिटांत बसतो. दोन्हींत रक्तातली एन्झाइम वाढतात, त्यामुळे घरच्यांची गल्लत होते.

दुसऱ्या दिवशी एसजीओटी-एसजीपीटी हजारात आले. लिव्हर खराब झाले का?

ही लिव्हरच्या पेशींतली एन्झाइम आहेत, पेशींना इजा झाली की ती रक्तात वाढतात. हा आकडा एकटा पाहू नका.

प्राणवायूविना राहिलेल्या पेशींतली ऊर्जा संपते आणि मायटोकॉन्ड्रियात सक्सिनेट नावाचा पदार्थ साठतो. रक्त परत आले की तो झपाट्याने जळतो आणि त्यातून पेशींना भाजून काढणारे प्राणवायूचे मुक्त कण तयार होतात. लिव्हरमधल्या पहारेकरी पेशी त्याने चवताळतात आणि पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. थोडक्यात, ज्या रक्ताने अवयव जगतो त्यानेच आधी त्याला इजा होते. थोडीफार इजा प्रत्येक प्रत्यारोपणात होते. त्यामुळे पहिल्या दिवशी-दोन दिवसांत एन्झाइम शिखराला पोचतात आणि मग रोज झपाट्याने उतरतात. उतार महत्त्वाचा.

लिव्हर काम करते आहे की नाही हे वेगळ्याच गोष्टी सांगतात. ओटीतच लॅक्टेट, म्हणजे प्राणवायू कमी पडल्यावर रक्तात साठणारा आणि लिव्हरने काढून टाकायचा पदार्थ, तासागणिक खाली येऊ लागते, पित्त दिसते, दाबाची औषधे कमी करता येतात, साखर टिकते. नंतर आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या चाचणीचा आकडा, सुधारतो आणि रुग्ण शुद्धीवर येतो. उलट सातव्या दिवशी बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, १० किंवा जास्त, आयएनआर १.६ किंवा जास्त, अथवा पहिल्या आठवड्यात एन्झाइम २००० च्या वर, यातले एक जरी असले तर डॉक्टर त्याला सुरुवातीचे मंद काम म्हणतात. अशी बरीच लिव्हर पुढे सावरतात. अगदीच काम सुरू न करणारे लिव्हर ही वेगळी आणि दुर्मीळ गोष्ट आहे. तिथे तातडीने दुसरे लिव्हर मिळवणे हाच उपाय उरतो.

घरच्या माणसाने लिव्हर दिले तर हा धोका कमी होतो ना?

एका बाजूने हो. दोन ओटी शेजारी-शेजारी असतात, लिव्हर बर्फात फार वेळ राहत नाही आणि दाता निरोगी असतो. पेशींची इजा त्यामुळे सहसा कमी.

दुसऱ्या बाजूने, मिळतो तो लिव्हरचा एक भाग. सिरोसिसमुळे पोर्टल व्हेनमध्ये दाब आणि ओघ दोन्ही वाढलेले असतात आणि पूर्ण लिव्हरसाठीचे रक्त अर्ध्या लिव्हरमध्ये घुसते. दिलेल्या भागाचे वजन रुग्णाच्या वजनाच्या निदान ०.८ टक्के असावे हा बराच काळ पाळला गेलेला ठोकताळा. म्हणजे ७० किलोच्या रुग्णाला ५६० ग्रॅम. त्याहून लहान असेल तर कावीळ न उतरण्याची आणि पोटात पाणी साठत राहण्याची भीती वाढते. म्हणून रक्त सोडल्यावर सर्जन पोर्टलमधला दाब आणि ओघ मोजतात. तो जास्त निघाला तर प्लीहेची धमनी बांधून पोर्टलकडे येणारे रक्त कमी करतात.

दात्याच्या लिव्हरमधल्या चरबीचा मुद्दा इथे येतो. चरबीने भरलेल्या पेशी थंडी आणि परतणारे रक्त दोन्ही नीट सोसत नाहीत. सीटी स्कॅनमध्ये चरबी दिसली तर समन्वयक दात्याला वजन उतरवून परत यायला सांगतात. ‘वेळ नाही आणि हे चालायला सांगताहेत’ असा राग येतो, तो समजण्यासारखा आहे. पण त्या चार-सहा आठवड्यांचा फायदा दाता आणि रुग्ण दोघांनाही होतो. दात्याला स्वतःला हा सिंड्रोम होत नाही.

मेंदूमृत दात्याचे लिव्हर असेल तर?

तिथे घड्याळाला महत्त्व येते. बर्फातला काळ जितका लांबतो तितकी इजा वाढते. आठ तासांच्या आत रक्त सुरू व्हावे असा प्रयत्न असतो, बाराच्या पुढे सहसा जाऊ देत नाहीत. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय केंद्रांमार्फत अवयवांचे वाटप होते आणि पोलीस ग्रीन कॉरिडॉर करून रुग्णवाहिकेला वाट देतात. ती घाई याचसाठी. रुग्णालाही अर्ध्या रात्री फोन करून उपाशीपोटी बोलावतात, कारण लिव्हर पोचेपर्यंत जुने मोकळे करून ठेवायचे असते. आणि शेवटच्या क्षणी ‘लिव्हर चांगले नाही’ म्हणून परत पाठवले, तर ते तुमच्याच भल्यासाठी असते.

मशीनमध्ये ठेवलेल्या लिव्हरबद्दल ऐकले. त्याने फरक पडतो का?

पडतो. बर्फात नुसते ठेवण्याऐवजी लिव्हरमधून प्राणवायूयुक्त द्रव फिरवत ठेवतात. एका पद्धतीत तो थंड असतो, दुसरीत शरीराच्या तापमानाचा आणि रक्तासह. थंड पद्धतीत पेशींची ऊर्जा भरून निघते आणि साठलेला सक्सिनेट रुग्णाच्या शरीराबाहेरच हळूहळू जळतो. उबदार पद्धतीत लिव्हर काम करते की नाही हे लावण्याआधीच पाहता येते.

नेदरलँड्स, बेल्जियम आणि ब्रिटनमधल्या केंद्रांचा १५६ रुग्णांवरचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदय थांबल्यानंतर दान मिळालेली लिव्हर त्यात होती, म्हणजे सर्वांत नाजूक गट. थंड मशीन वापरलेल्या गटात पोस्ट-रीपरफ्युजन सिंड्रोम १२ टक्के, नुसत्या बर्फाच्या गटात २७ टक्के. पित्तनलिका अरुंद होण्याचे प्रमाण ६ विरुद्ध १८ टक्के. आपल्याकडे अशा प्रकारचे दान विरळाच होते आणि घरच्या दात्याच्या लिव्हरला मशीनची गरज सहसा भासत नाही. मेंदूमृत दात्याच्या चरबीयुक्त किंवा लांबून येणाऱ्या लिव्हरसाठी मात्र ते उपयोगी आहे. खर्च विचारून घ्या, तो मोठा असतो.

किडनीवर आणि मेंदूवर परिणाम होतो का?

प्रेशर बराच वेळ खाली राहिले तर किडनीला फटका बसतो. काहींना काही दिवस डायलिसिस लागते. आधीच किडनी दुबळी असेल तर शक्यता जास्त. बहुतेकांची किडनी सावरते.

मेंदूबाबत दोन वेगळ्या परिस्थिती आहेत. अचानक निकामी झालेल्या लिव्हरमध्ये, उदाहरणार्थ उंदराचे विष पोटात गेल्यावर किंवा तीव्र हेपटायटिसमध्ये, मेंदूला आधीच सूज असते आणि रक्त सोडताना कवटीतला दाब आणखी वाढू शकतो. त्या रुग्णांत भूलतज्ज्ञ डोके उंच ठेवतात आणि सोडियम मुद्दाम वरच्या बाजूला राखतात. जुन्या सिरोसिसमध्ये उलटी अडचण असते. सोडियम आधीच खूप कमी असते आणि बायकार्बोनेट-सलाइनच्या भडिमारात ते एका रात्रीत वेगाने चढले, तर मेंदूच्या देठाला गंभीर इजा होऊ शकते. ‘सोडियम सुधारेपर्यंत थांबू’ असे डॉक्टर म्हणाले तर ते वेळकाढूपणा करत नसतात.

लहान मुलांचे काय?

तत्त्व तेच. मुलाच्या शरीरात एकूण रक्तच थोडे असल्याने एका पिशवीतले पोटॅशियमही जास्त जाणवते. नंतरच्या दिवसांत मोठी काळजी धमनीत गुठळी होण्याची असते, कारण ती काही मिलिमीटरचीच असते.

रोज डॉपलर सोनोग्राफी का करतात?

लिव्हरला बहुतांश रक्त पोर्टल व्हेनमधून मिळते, पण पित्तनलिका जवळजवळ सर्वस्वी धमनीवर जगतात. धमनी बंद पडली तर लिव्हर काही काळ तग धरते, नलिका मरतात. सुरुवातीला रुग्णाला काहीच जाणवत नाही. डॉपलरमध्ये मात्र रक्तप्रवाह दिसतो. लवकर कळले तर पुन्हा ऑपरेशन करून किंवा अँजिओग्राफीने वाट उघडता येते.

सर्जन बाहेर येऊन ‘रीपरफ्युजनला थोडा त्रास झाला’ म्हणाले. काय विचारावे?

प्रेशर किती वेळ खाली होते? हृदय थांबले होते का? दाबाची औषधे आत्ता वाढत आहेत की कमी होत आहेत? लॅक्टेट उतरते आहे का? पित्त दिसले का? एवढे पुरे. दहा मिनिटांत सावरलेल्या आणि लॅक्टेट उतरत असलेल्या रुग्णाबद्दल रात्रभर जागून काळजी करण्यासारखे फार नसते. औषधे वाढतच असतील आणि लॅक्टेट चढत असेल तर परिस्थिती खरोखर गंभीर आहे, आणि ते तुम्हाला स्पष्ट शब्दांत सांगितले जायला हवे. प्रश्न घरातल्या एकाच माणसाने विचारावेत. पाच जणांनी पाच डॉक्टरांना विचारले की पाच उत्तरे जमतात आणि गोंधळ वाढतो.

घरी आल्यावर या सगळ्याचा काही मागमूस राहतो का?

बहुतेकांना नाही. मात्र इजा जास्त झालेल्या लिव्हरमध्ये पित्तनलिका काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अरुंद होऊ शकतात. अंगाला खाज, गडद लघवी, पांढुरकी शौच, पुन्हा पिवळे पडणारे डोळे किंवा थंडी वाजून ताप, यातले काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ट्रान्सप्लांट समन्वयकांना फोन करा. रक्त तपासणी आणि पित्तनलिका दाखवणाऱ्या एमआरसीपी स्कॅनमध्ये ते कळते. पुष्कळदा दुर्बिणीतून स्टेंट घालून भागते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे या काळात आपल्या मनाने थांबवू नका आणि गल्लीतल्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिक घेऊन ताप दाबू नका. काही अँटिबायोटिक टॅक्रोलिमसची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची, रक्तातली पातळी बिघडवतात.